आधी विधवेचा अर्ज भरून बघा, मग फीत कापा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना फक्त फोटो बघायचेत त्यांनी पुढे सरका, आज फोटो नाही.

२०२५ च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. बसस्टँडसमोरच्या सीएससी सेंटरवर एक प्रिंट काढायला गेलो होतो. माझ्यापुढे अकरा बायका. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू होती. रांगेत पुढे असलेली बाई पन्नाशीची, धुणीभांडी करणारी. पोराने तिचा आधार नंबर टाकला, ओटीपी आला, इथपर्यंत ठीक. मग स्क्रीनने विचारलं, पती किंवा वडिलांचा आधार नंबर. त्यावरही ओटीपी जाणार.

पोरगा म्हणाला, "मावशी, काकांचा फोन कुठंय?"

"बाळा, ते जाऊन सात वर्षं झाली."

"मग वडिलांचा?"

"वडील तर मी लहान असतानाच गेले. त्यांचं कसलं आधार?"

पोराने दोनदा तेच बटण दाबून बघितलं. जणू तिसऱ्यांदा दाबल्यावर मेलेला माणूस ओटीपी सांगायला उठणार होता. मग नेहमीचं वाक्य आलं: "साइट घेत नाहीये. दोन दिवसांनी या."

बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, मी आता कुणाचा फोन आणू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा.

पुढे राज्यभर ओरड झाली, अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. त्यामुळे "आता तो विषय संपला" असं कुणी म्हणेल. माझा विषय तिथूनच सुरू होतो. हे आधी कुणाला कसं दिसलं नाही?

जून २०२४ चा या योजनेचा शासन निर्णय काढून वाचा. पात्र कोण? विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार. म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताने "विधवा" हा शब्द लिहिलाय. आणि त्याच सरकारसाठी बनवलेला फॉर्म विचारतो, नवऱ्याचा ओटीपी द्या. ही अपवादाची केस नाही. योजना ज्यांच्यासाठी आहे त्या यादीतलं दुसरंच नाव आहे. एका माणसाने, फक्त एका माणसाने, विधवेच्या नावाने फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून बघितला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं.

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. दिवाळीत घरी आला तेव्हा मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. म्हटलं, तुम्ही लोक काय तपासता तरी काय? पगार कशाचा घेता? तो हसला आणि म्हणाला, "मामा, एक गोष्ट आधी समजून घे. सगळं तपासायला वेळ कधीच मिळत नाही. कुठल्याच कंपनीत नाही. त्यामुळे काय तपासायचं यापेक्षा आधी काय तपासायचं, हा खरा प्रश्न असतो."

मग त्याने माझ्या डायरीच्या पानावर दोन रकाने काढले. पहिल्यात लिहिलं, चूक होण्याची शक्यता किती. दुसऱ्यात, चूक झालीच तर नुकसान किती आणि कुणाचं. दोन्हींना एक ते पाच गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. पंचवीस आला की ते काम सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त वेळ देऊन, सगळ्यात हुशार माणसाने तपासायचं. दोन-तीन आला तर वरवर बघितलं तरी चालतं, वेळ नसेल तर राहू दिलं तरी चालतं. बँकेच्या ॲपमध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा चुकीच्या तारखेला गेल्या तर गिऱ्हाईक हसेल. पैसे चुकीच्या खात्यात गेले तर पोलीस स्टेशन गाठेल. दोन्ही चुकाच. पण दोन्ही तपासायला सारखाच वेळ देणारा माणूस प्रामाणिक असेलही, शहाणा नाही.

शक्यता कशी ओळखायची, हेही त्याने सांगितलं आणि मला ते फार पटलं, कारण आपल्या बातमीदारीतही असंच असतं. जे घाईत लिहिलंय तिथे चूक. जे परवा परवा बदललंय तिथे चूक. दोन वेगवेगळ्या यंत्रणांचा सांधा जिथे येतो, म्हणजे आधारचा डेटा एकीकडून, बँकेचा दुसरीकडून, तिथे चूक. आणि जिथे आधी चूक सापडली होती तिथे अजून चार दडलेल्या असतात. ढेकूण एका फटीत सापडला तर त्याच फटीत अजून बघायचं, कपाटावर नाही.

हे काही रॉकेट सायन्स नाही. आमची आजी पाऊस येण्याआधी कौलं बघायची तेव्हा हेच करायची. सगळी कौलं नाही बघायची. धान्याच्या कणगीवरची आधी, जिथे पोरं झोपतात तिथली मग, आणि गोठ्याच्या टोकाकडची राहिली तर राहिली.

आता तो गुणाकार आपण ई-केवायसीला लावू. अर्जदार विधवा असण्याची शक्यता? पाचपैकी पाच, शासन निर्णयच सांगतो. नुकसान? महिन्याचे दीड हजार रुपये, आणि ते कुणाचे, तर जिच्या घरात दुसरं कमावणारं माणूस नाही तिचे. पाच. गुणाकार पंचवीस. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला तपासायची गोष्ट ही होती.

मग सरकारी सॉफ्टवेअरमध्ये आधी तपासलं जातं ते काय? मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका नगरपरिषदेने घरपट्टीचं ऑनलाइन सॉफ्टवेअर सुरू केलं. नाव लिहीत नाही. उद्घाटनाआधीचे दोन दिवस मी तिथेच होतो, बातमीसाठी. त्या दोन दिवसांत सॉफ्टवेअरमध्ये तीन दुरुस्त्या झाल्या आणि तिन्ही फोटोच्या. एक फोटो छोटा दिसत होता, एक उजवीकडे हवा होता, एका सभापतींचं नाव राहिलं होतं. कंपनीचा बिचारा पोरगा रात्री अकरापर्यंत तेच करत बसला. त्यांच्या हिशेबातही गुणाकार होताच बरं का. सभापतींचं नाव राहण्याची शक्यता पाच, आणि राहिलं तर नुकसान पाच. फक्त ते नुकसान बिल अडकण्याचं होतं, नागरिकाचं नव्हतं.

आणि मी काय केलं? चार कॉलम बातमी छापली. "नागरिकांना घरबसल्या सुविधा." प्रेस नोट जशीच्या तशी. माझीही लाज आहे यात, लपवत नाही.

दीड महिन्यात एका रिटायर्ड शिपायाला थकबाकीची नोटीस आली. त्यांनी घरपट्टी रोखीने भरली होती, पावती होती. झालं असं होतं की त्याच वॉर्डात त्याच नावाचा, त्याच आडनावाचा दुसरा माणूस होता. जुन्या रजिस्टरमधून नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी चढवताना याचे पैसे त्याच्या खात्यावर. आता आपल्याकडे एका वॉर्डात एकाच नावाचे दोन-तीन जण असणं ही काय आश्चर्याची गोष्ट आहे? गल्लीतल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं. पण ते तपासायला कुणी बसलंच नव्हतं. वसुली लिपिकाचं एकच पालुपद, "सिस्टीममध्ये बाकी दिसतेय." पावती हातात धरलेला माणूस खोटा आणि स्क्रीन खरी. त्या म्हाताऱ्याने आठ महिने चकरा मारल्या. त्यांचं नळ कनेक्शन तोडलं ते तोडलंच, परत जोडायचा खर्चही त्यांनाच.

सिस्टीम खरी आणि माणूस खोटा, हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात होरायझन नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं १९९९ च्या सुमारास. लहान गावांतली पोस्टं चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात अचानक तूट दिसायला लागली. ते सांगत होते, पैसे आम्ही घेतले नाहीत, मशीन चुकतंय. ऐकलं कुणी नाही. नऊशेहून अधिक लोकांना चोरी आणि हिशेबात लबाडी केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी घरदार विकून ती नसलेली तूट भरली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की सॉफ्टवेअरमध्येच दोष होते. वीस वर्षं! ज्या मशीनच्या आकड्यावर माणूस जेलमध्ये जाणार, त्या आकड्याला किती वेळा, किती कडक तपासायला हवं होतं?

आता आपल्याकडे परत येऊ. दोन कर्जमाफ्या आठवा. एक फडणवीस सरकारची, एक ठाकरे सरकारची. लगेच झेंडे घेऊन कमेंटमध्ये येऊ नका, मी दोन्ही सरकारांवर भरपूर लिहिलंय.

२०१७ ची कर्जमाफी जूनमध्ये जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची, सुमारे ३४ हजार कोटींची. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करायचा, नवरा-बायको दोघांची माहिती द्यायची, अंगठे लावायचे. बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागवली. अर्जाची मुदत सप्टेंबरपर्यंत. आणि दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, मुंबईत प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम. भाच्याने सांगितलेल्या सगळ्या खुणा जुळवून बघा: घाई आहे, नवीन आहे, रोज बदलतंय, आणि आधार, बँक, सोसायटी असे तीन तीन सांधे आहेत. जे व्हायचं तेच झालं. एकाच आधार नंबरवर अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली. याद्या आल्या, थांबल्या, परत आल्या. प्रमाणपत्र हातात आणि खात्यावर काही नाही, असे शेतकरी आपल्या तालुक्यात किती होते ते मला सांगायची गरज नाही. सहकारी बँकेच्या पायरीवर बसलेले तुम्हीही बघितलेत. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी एका दमात सगळ्यांना लावली, निकाल महिनोन्महिने रखडले, कुलगुरूंना पद गमवावं लागलं. एका वर्षात दोन धडे.

मग आली २०१९ च्या डिसेंबरची घोषणा, दोन लाखांपर्यंतची. यावेळी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली, शेतकऱ्याचा अर्जच काढून टाकला. माहिती बँकेकडून घेतली, यादी गावात लावली, शेतकऱ्याने जाऊन आधार प्रमाणीकरण करायचं आणि रक्कम पटत नसेल तर तिथेच तक्रार नोंदवायची. जिथे सगळ्यात जास्त चुका होतात तो भागच उचलून बाजूला ठेवला. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची. जिल्ह्यागणिक दोन गावं. १५,३५८ शेतकरी. आधी तिथे चालवून बघितलं, मग काही दिवसांनी पुढची यादी.

तेव्हा मी स्वतः त्या ६८ गावांची टिंगल केली होती. "लाखो शेतकरी वाट बघतायत आणि सरकार दोन दोन गावं खेळतंय" असं काहीतरी लिहिलं होतं. चुकलो होतो. दोन गावांत चूक सापडली तर तलाठी आणि बँक मॅनेजर संध्याकाळपर्यंत ती निस्तरतात. तीच चूक राज्यभर एकदम गेली तर मंत्रालयाला सहा महिने पुरत नाहीत. ती योजनाही धुतल्या तांदळासारखी नव्हती, राहिलेले शेतकरी आजही भेटतात. पण पहिल्या दिवशी जो गोंधळ २०१७ ला होता तो नव्हता.

कुणी म्हणेल, सरकारला वेळच नसतो हो, घोषणा आधी होते, तारीख आधी ठरते, सॉफ्टवेअरवाल्याला तीन आठवडे मिळतात. मान्य. म्हणूनच तर म्हणतोय. सहा महिने असतील तर कुठूनही सुरुवात करा. तीनच आठवडे असतील तर पंचवीसवाल्या गोष्टीपासूनच करावी लागेल. वेळ कमी हे क्रम न लावण्याचं कारण कसं होऊ शकतं?

आणि शेवटच्या तारखेला सर्व्हर बसणं, याला तर मी अपघात मानायलाच तयार नाही. पीकविम्याची शेवटची तारीख तुम्हीच जाहीर करता, त्या दिवशी गर्दी होते हे तुम्हाला दरवर्षी दिसतं, तरी दरवर्षी सर्व्हर बसतो. पोळ्याला बैल येणार हे माहीत असून वेशीत जागा न ठेवण्यासारखं आहे हे.

एक धोका मात्र या गुणाकाराच्या पद्धतीतही आहे. गुण कोण देतो? बोईंग कंपनीने ७३७ मॅक्स विमानात एमकॅस नावाची यंत्रणा बसवली. आपोआप विमानाचं नाक खाली करणारी. ती बिघडली तर धोका किती, याचा अंदाज कागदावर केला होता. पण तो सगळ्यात वरच्या वर्गात धरला नाही, वैमानिक काही सेकंदांत सांभाळून घेईल असं गृहीत धरलं. वर्ग खालचा म्हणून तपासणी सैल, आणि सगळी यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात विमानं पडली. ३४६ माणसं गेली. पद्धत होती, तक्ता होता, गुण देणाऱ्याचा हात चुकला.

म्हणून माझं म्हणणं असं, की नुकसानीचे गुण एसी केबिनमध्ये बसून देऊ नका. "अंगठा न उमटणे" याला मुंबईत बसलेला माणूस दोन गुण देईल. रेशन दुकानात उभी राहिलेली आपली बाई पाच देईल, कारण वर्षानुवर्षं भांडी घासून आणि ऊस तोडून तिच्या बोटावरच्या रेषाच गेल्यात. "मोबाइल नंबर बदललेला असणे" याला तिकडे एक गुण. इकडे दर दुसऱ्या घरात आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला आहे, किंवा ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या खिशात आहे. सातबाऱ्यावर "पाटील", आधारवर इंग्रजीतून मराठीत येताना "पतिल" झालेला माणूस तिकडे हसण्याचा विषय असेल, इकडे त्याचं अनुदान अडकतं.

हे सगळं आज लिहायचं कारण. आपल्या गावातही आता घरपट्टी, नळपट्टी, जन्म-मृत्यू दाखले सगळं एकाच नव्या पोर्टलवर जाणार, असं ऐकतोय. चांगली गोष्ट आहे. मी विरोधात नाही, आधीच सांगतो. रांगा कमी होणार असतील तर पहिला हार मी घालीन. पण जुनी रजिस्टरं नव्या पोर्टलवर चढणार आहेत, म्हणजे एका नावाच्या दोन माणसांचा तोच जुना सांधा परत उघडणार. वारसाची नोंद न झालेली घरं, भाऊहिश्श्यात अर्धवट फोड झालेली घरं, रोखीच्या पावत्या, हे सगळं त्यात येणार.

अशा कामाच्या टेंडरमध्ये बहुतेक वेळा यूएटी नावाची एक पायरी असते. म्हणजे जो वापरणार त्याने वापरून बघायचं आणि मग "ठीक आहे" अशी सही करायची. अनुभव असा की ही सही लिपिकाकडून जेवणाच्या सुट्टीआधी घेतली जाते, कारण त्या सहीवर कंपनीचं बिल निघतं. त्याला काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. उद्या घोळ झाला की सही त्याचीच, निलंबनही त्याचंच.

मी मुख्याधिकाऱ्यांना तोंडी विचारलं होतं. ते म्हणाले, कंपनी अनुभवी आहे, काळजी करू नका. काळजी करणं हा माझा धंदा आहे साहेब.

तर मंगळवारी माहिती अधिकाराचा अर्ज देतोय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवलाय. चारच गोष्टी मागतोय: पोर्टल सुरू करण्याआधी काय काय तपासलं त्याची यादी, ती कोणत्या क्रमाने आणि तो क्रम कुणी ठरवला, तपासताना सापडलेल्या चुकांपैकी किती अजून दुरुस्त व्हायच्यात, आणि ठीक आहे म्हणून सही कुणाची. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं तरी टाकीन, नाही आलं तरी टाकीन.

तुमच्याकडून एक मदत हवी. तुमच्या घरपट्टीत, दाखल्यात, नावात जी काही अडचण आजवर आली असेल ती मला कळवा. एका नावाचे दोघे, मयताच्या नावावरचं घर, अंगठा न घेणारी आई, काहीही. अशा वीस खऱ्या केसेस जमवून मी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहे आणि म्हणणार आहे, उद्घाटनाआधी या वीस जणांचं काम तुमच्या पोर्टलवर माझ्यासमोर करून दाखवा. भाचा म्हणाला, "मामा, याच्याइतकी चांगली टेस्ट केसेसची यादी कंपनीकडेही नसते."

कमेंटमध्ये आधार नंबर किंवा मोबाइल नंबर कुणीही टाकू नका. इनबॉक्समध्ये लिहा, किंवा रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसला आहे, पावती घेऊन या.